धान्याची वाट कोणाच्या हाती?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शेतमालाच्या भावाचा प्रश्न निघाला की चर्चा बहुधा एकाच आकड्याभोवती फिरते. हमीभाव किती जाहीर झाला, उत्पादनखर्चात काय धरले आणि काय वगळले, यांवर वाद होतात, मोर्चे निघतात, विधिमंडळात प्रश्न विचारले जातात. हे सर्व आवश्यकच आहे. परंतु जाहीर झालेला भाव आणि शेतकऱ्याच्या हाती पडलेला पैसा यांच्यामध्ये एक लांब वाट असते. त्या वाटेवर काटा असतो, बारदान असते, कोठार असते, रेल्वेची वाघीण असते आणि बंदराचा धक्का असतो. यांपैकी प्रत्येक ठिकाणी कोणाची तरी मालकी असते, आणि त्या मालकीचे मोल धान्याच्या किमतीतूनच वसूल होते. तेव्हा वाट कोणाच्या हाती आहे हा प्रश्न भावाच्या प्रश्नाचाच अर्धा भाग आहे. चळवळींनी या अर्ध्या भागाकडे पुरेसे लक्ष दिलेले नाही.

हा मुद्दा नीट समजून घेण्यासाठी कॅनडाच्या पश्चिम भागातील गव्हाच्या प्रदेशाचा इतिहास पाहणे उपयोगी ठरेल. तेथील शेतकऱ्यांनी संघटनेच्या बळावर या वाटेवर लोकसत्तेचा अंकुश बसवला, तो दोन-तीन पिढ्या टिकवला, आणि पुढे टप्प्याटप्प्याने गमावलाही. मिळवणे आणि गमावणे या दोहोंचे धडे तेथे एकत्र सापडतात.

अंतराचे अर्थशास्त्र

मॅनिटोबा, सस्कॅचेवान व आल्बर्टा या तीन प्रांतांत पिकणाऱ्या गव्हाचा फार मोठा भाग देशाबाहेर विकला जातो. पण समुद्र दूर आहे. सस्कॅचेवानच्या मध्यभागातून व्हँकूव्हर बंदर गाठायचे तर रॉकी पर्वत ओलांडून सुमारे दीड हजार किलोमीटर जावे लागते. पूर्वेकडे महासरोवराच्या काठी असलेले थंडर बे बंदरही जवळपास तितकेच लांब आहे. धान्य वाहून नेईल असा जलमार्ग त्या वाटेवर नाही, आणि इतक्या लांबवर एवढा अवजड माल ट्रकने नेणे परवडत नाही. म्हणजे रेल्वेखेरीज दुसरी वाट नाही.

आता हिशेब पाहा. बंदरावरचा भाव जागतिक बाजारात ठरतो. कॅनडाचा गहू महाग झाला तर खरेदीदार ऑस्ट्रेलियाकडे किंवा अर्जेंटिनाकडे वळतो. म्हणून रेल्वेचे हशील, म्हणजे वाहतुकीचे भाडे, वाढले तर तो बोजा परदेशातील ग्राहकावर टाकता येत नाही. मधला व्यापारी तो शेतकऱ्याला देण्याच्या भावातून कापून घेतो. समजा, बंदरावर टनाला ३०० डॉलर भाव आहे आणि वाटखर्च १०० डॉलर आहे. तर गावी शेतकऱ्याला २०० डॉलर मिळतील. त्याचा पिकवण्याचा खर्च १६० डॉलर असेल तर ४० डॉलर शिल्लक राहतील. वाटखर्च १०० चा १२० झाला की गावचा भाव १८० वर येतो आणि शिल्लक २० वर. वाटखर्च एक पंचमांशाने वाढला आणि शेतकऱ्याची शिल्लक निम्मी झाली! त्याच्या बियाण्यात, मेहनतीत, पावसात तिळमात्र फरक पडलेला नसतानाही हे घडते.

हे हशील ठरवणारी रेल्वे एकच असेल आणि गावात धान्य घेणारे कोठारही एकच असेल, तर खरा वाहतूकखर्च किती आणि वरची लूट किती हे शेतकऱ्याला कळण्याचाही मार्ग उरत नाही. ज्याला थांबता येत नाही आणि ज्याला दुसरीकडे जाता येत नाही, त्याच्याकडूनच वसुली होते. शेतमालाच्या बाजारात ही दोन्ही लक्षणे बहुतेक वेळा शेतकऱ्याच्याच ठायी आढळतात.

वाघिणीचा हक्क

कॅनडियन पॅसिफिक या खाजगी कंपनीबरोबर तेथील सरकारने १८८१ मध्ये करार केला. देशाच्या पूर्व-पश्चिम टोकांना जोडणाऱ्या लोहमार्गासाठी कंपनीला अडीच कोटी डॉलर रोख, अडीच कोटी एकर जमीन आणि पश्चिमेत वीस वर्षे प्रतिस्पर्धी मार्ग होऊ न देण्याची हमी देण्यात आली. यातील मक्तेदारीची हमी लोकक्षोभामुळे १८८८ मध्ये रद्द करावी लागली. लोहमार्ग १८८५ मध्ये पूर्ण झाला. त्या भूमीवर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मूळ रहिवाशांना हुसकावून ही वसाहत उभी राहिली, याचाही विसर पडता कामा नये.

रेल्वेच्या प्रत्येक स्थानकाशेजारी लाकडी उंच कोठारे उभी राहिली. त्यांना तिकडे एलेव्हेटर म्हणतात. धान्य तोलणे, प्रतवारी करणे, साठवणे आणि वाघिणीत भरणे ही सारी कामे तेथे होतात. ती बांधण्यासाठी भांडवल लागते. म्हणून कंपनीने असे ठरवून टाकले की जेथे एलेव्हेटर आहे तेथे वाघिणी एलेव्हेटरच्या मालकालाच मिळतील, शेतकऱ्याला स्वतंत्रपणे माल भरता येणार नाही. या एका नियमाने गावचा बाजार संपुष्टात आला. काटा त्यांचा, प्रतवारी त्यांची, कडता त्यांनी ठरवायचा आणि भावही त्यांनीच सांगायचा. गाडीभर गहू घेऊन वीस-पंचवीस मैल आलेला शेतकरी तो परत नेऊ शकत नव्हता.

शेतकऱ्यांच्या दबावामुळे १९०० साली मॅनिटोबा धान्य कायदा झाला. त्यात शेतकऱ्याने मागितल्यास त्याला थेट वाघीण मिळावी अशी तरतूद होती. परंतु कायदा पुस्तकात राहिला. १९०१ मध्ये भरघोस पीक आले. वाघिणी अपुऱ्या पडल्या आणि ज्या होत्या त्या एलेव्हेटरवाल्यांकडे गेल्या. पिकाचा मोठा भाग हिवाळा सुरू झाला तरी जागच्या जागी पडून राहिला. त्याच डिसेंबरमध्ये इंडियन हेड या गावी शेतकरी जमले आणि त्यांनी धान्य उत्पादकांची संघटना स्थापन केली. तिने पहिली मागणी भाववाढीची केली नाही, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. स्थानकावर एक वही ठेवावी, वाघिणीची मागणी ज्या क्रमाने येईल त्या क्रमाने नोंदवावी आणि त्याच क्रमाने वाघिणी द्याव्यात, एवढीच ती मागणी होती. १९०२ मध्ये कायद्यात तशी दुरुस्ती झाली. कंपनीने ती धाब्यावर बसवली, तेव्हा संघटनेने सिंटालुटा या स्थानकावरील रेल्वेच्या अधिकाऱ्यावर फिर्याद गुदरली आणि खटला जिंकला. वरिष्ठ न्यायालयातही निकाल कायम राहिला.

एका बलाढ्य कंपनीला खेड्यातील शेतकऱ्यांनी वहीच्या एका पानावर आणून उभे केले. हक्क ही घोषणेपुरती गोष्ट राहून चालत नाही. तो तपासता येईल अशा नोंदीत उतरावा लागतो, हे त्या संघटनेला उमगले होते.

ठरलेले हशील, ठरलेला खरेदीदार

वाघीण मिळाली, तरी तिचे भाडे किती? याचे उत्तर एका जुन्या करारात होते. रॉकी पर्वतातील क्रोज नेस्ट खिंडीतून मार्ग टाकण्यासाठी १८९७ मध्ये सरकारने कंपनीला तेहतीस-चौतीस लाख डॉलरांचे साहाय्य देऊ केले आणि त्याच्या बदल्यात धान्यावरचे हशील शंभर पौंडांमागे तीन सेंटांनी कायमचे उतरवून घेतले. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास हा करार काही काळ स्थगित झाला. परंतु १९२५ मध्ये संसदेने हे दर सर्व रेल्वेमार्गांना लागू करून त्यांना कायद्याचे रूप दिले. सार्वजनिक पैसा घेणाऱ्या खाजगी कंपनीकडून सार्वजनिक हित लेखी बांधून घ्यायचे असते, याचा हा नमुना होय.

तिसरा प्रश्न विक्रीचा होता. पीक शरदात एकदम निघते. महासरोवरांचे पाणी हिवाळ्यात गोठते आणि जहाजे थांबतात. म्हणून थोड्या आठवड्यांत सारा माल बाजारात येई, त्याच वेळी कर्जाचे हप्ते आणि दुकानदाराची उधारीही दारात येई, आणि भाव कोसळे. विनिपेगच्या धान्यबाजारात वायद्यांचे व्यवहार चालत. वायदेबाजाराचे समर्थक म्हणत की त्यामुळे जोखीम वाटली जाते. तत्त्वतः ते खोटे नाही. पण ज्याच्याकडे कोठार आणि पतपुरवठा आहे त्यालाच वायद्याचा उपयोग करता येतो. ज्याला आजच विकायचे आहे त्याच्यासाठी वायदा म्हणजे दुसऱ्याने ठरवलेला भाव.

१९२३ आणि १९२४ मध्ये तिन्ही प्रांतांत शेतकऱ्यांचे सहकारी 'पूल' निघाले. सर्वांचा गहू एकत्र करायचा, वर्षभर सावकाश विकायचा, सुरुवातीला काही रक्कम द्यायची आणि वर्षाअखेर सरासरी भावाने उरलेली वाटायची, अशी त्यांची रीत होती. पाच-सहा वर्षे ती उत्तम चालली. परंतु १९२९ च्या हंगामात सुरुवातीला देऊ केलेल्या रकमेच्याही खाली जागतिक भाव गडगडले आणि मंदीच्या लाटेत पुलांची विक्रीव्यवस्था बुडाली. एलेव्हेटर मात्र सहकाराच्या हाती राहिले. जागतिक मंदीचा धक्का सोसण्याइतकी ताकद केवळ सहकारात नसते, त्यामागे राज्यसंस्थेची पत उभी राहावी लागते, हा निष्कर्ष त्यातून निघाला. १९३५ मध्ये कॅनडाचे गहू मंडळ स्थापन झाले आणि १९४३ पासून पश्चिमेचा गहू विकण्याचा एकाधिकार त्याला मिळाला. आश्चर्याची गोष्ट म्हणजे १९३५ चे ते सरकार समाजवादी नव्हते. बेनेट यांच्या हुजूर पक्षाचे होते. संकट आणि संघटना एकत्र आल्या की विरोधी विचारांच्या सरकारलाही नमावे लागते. याच काळात, १९३२ मध्ये, तेथे सी.सी.एफ. हा समाजवादी पक्ष जन्माला आला आणि १९४४ मध्ये टॉमी डग्लस यांच्या नेतृत्वाखाली त्याने सस्कॅचेवानमध्ये सत्ता मिळवली. शेतकऱ्यांच्या सहकारी चळवळीतून आलेले कार्यकर्ते हा त्याच्या यशाचा पाया होता.

मंडळाची रीत सरळ होती. पेरणीनंतर सुरुवातीची रक्कम जाहीर होई. तिला सरकारची हमी असे. माल किती व केव्हा आणायचा याचे वाटप ठरलेले असे. त्यामुळे बड्या शेतकऱ्याने आधी येऊन कोठार भरून टाकले असे होत नसे. ऑक्टोबरात आणलेल्या आणि एप्रिलमध्ये आणलेल्या एकाच प्रतीच्या गव्हाला वर्षाअखेर सारखाच भाव मिळे. फरक पडे तो फक्त हशिलाचा. मंडळ नफा स्वतःकडे ठेवत नसे. विक्रीतून खर्च वजा जाता जे उरे ते उत्पादकाचे. आणि रेल्वेशी भांडायला मंडळ उभे असे. १९९६-९७ च्या हिवाळ्यात गाड्या तुंबल्या तेव्हा दोन्ही मोठ्या रेल्वे कंपन्यांविरुद्ध परिवहन नियामकाकडे तक्रार नेली ती मंडळानेच. एकट्या शेतकऱ्याजवळ ना तेवढी आकडेवारी असते, ना तेवढे वकील.

दोष होते, ते कोणते?

या व्यवस्थेत सारे काही आलबेल होते असे म्हणणे हा अभ्यास ठरणार नाही. हशील अर्धशतक गोठलेले राहिले आणि महागाई वाढत गेली. १९७० च्या दशकापर्यंत अशी स्थिती आली की हशिलातून वाहतुकीच्या खर्चाचा निम्मा भागही निघेना. रेल्वे कंपन्यांनी फाट्यांच्या मार्गांची दुरुस्ती सोडून दिली, नव्या वाघिणी घेतल्या नाहीत. १९७२ पासून सरकारलाच हजारो वाघिणी विकत घ्याव्या लागल्या. शिवाय कच्चे धान्य बाहेर नेणे फार स्वस्त असल्याने त्याच प्रदेशात गुरे पोसणे, तेल गाळणे यांसारखे धंदे मागे राहिले, अशी तक्रार होती आणि ती निराधार नव्हती. काही मोठ्या शेतकऱ्यांना सरासरी भावापेक्षा आपल्या मनाप्रमाणे विकण्याची मुभा हवी होती.

प्रश्न दोष आहेत की नाहीत हा नव्हता. ते दूर करण्याचा खर्च कोणी सोसायचा आणि दूर झाल्यावरचा लाभ कोणाला मिळायचा, हा होता. न्यायमूर्ती एमेट हॉल यांनी १९६४ मध्ये सार्वत्रिक आरोग्यविम्याची शिफारस केली होती. त्याच हॉल यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने १९७७ मध्ये गावोगाव हिंडून, साक्षी घेऊन, रेल्वेच्या फाट्यांविषयीचा अहवाल दिला. ग्रामीण समाजाचे हित हाही हिशेबाचा भाग आहे, अशी त्यामागील दृष्टी होती. पुढच्या काळातील धोरणाने ही दृष्टी सोडून दिली.

एकेक खांब कसा निघाला

१९८३ च्या कायद्याने जुने ठरीव हशील रद्द झाले. दर वाढवून द्यायचे आणि फरकाचा मोठा वाटा सरकारने रेल्वेला अनुदान म्हणून द्यायचा, अशी तडजोड झाली. हे अनुदान वर्षाला सुमारे ६५ कोटी डॉलर होते. कायद्यातला हक्क अंदाजपत्रकातील एका ओळीत रूपांतरित झाला. हक्क काढून घ्यायला लढाई करावी लागते. अंदाजपत्रकातील ओळ खोडायला एक अर्थमंत्री पुरतो. १९९५ मध्ये ती ओळ खोडली गेली. भरपाई म्हणून एकदाच १६० कोटी डॉलर वाटण्यात आले, पण ते जमिनीच्या मालकांना. स्वस्त हशिलाचे मोल जमिनीच्या किमतीत उतरलेले असते या तर्काने ते सुसंगत होते. कसणाऱ्या कुळाचा त्यात विचार नव्हता. त्याच वर्षी सरकारी मालकीची कॅनडियन नॅशनल रेल्वे भागबाजारात विकली गेली. २००० पासून धान्यवाहतुकीतून रेल्वेने मिळवण्याच्या एकूण उत्पन्नावर एक कमाल मर्यादा घालण्यात आली. अंकुशाचा तेवढा अवशेष उरला आहे.

दुसरा खांब सहकाराचा. सस्कॅचेवानच्या पुलाने १९९६ मध्ये भांडवल उभारण्यासाठी आपले भाग बाजारात आणले. सभासदाचा एक मत हा आधार तेथेच निखळला. २००७ मध्ये या संस्थेने प्रतिस्पर्धी कंपनी घेऊन व्हिटेरा हे नाव धारण केले. २०१२ मध्ये व्हिटेरा स्वित्झर्लंडच्या ग्लेनकोर या खनिज-व्यापारी कंपनीने विकत घेतली. आणि २०२५ मध्ये ती बंगी या बहुराष्ट्रीय धान्यकंपनीत विलीन झाली. जी कोठारे शेतकऱ्यांनी मंदीच्या वर्षांतही हातची जाऊ दिली नव्हती, ती सुबत्तेच्या वर्षांत समभागांच्या खरेदीविक्रीत गेली.

तिसरा खांब मंडळाचा. २०११ मध्ये मंडळाने घेतलेल्या मतदानात गव्हाच्या बाबतीत ६२ टक्के उत्पादकांनी एकाधिकार कायम ठेवावा असा कौल दिला. हार्पर सरकारने तो मानला नाही. १ ऑगस्ट २०१२ पासून एकाधिकार संपला. २०१५ मध्ये मंडळाचे निम्म्याहून अधिक भांडवल बंगी आणि सौदी सरकारची गुंतवणूक कंपनी यांच्या संयुक्त संस्थेकडे गेले. या कायद्याच्या इंग्रजी नावात 'स्वातंत्र्य' हा शब्द होता.

त्या स्वातंत्र्याची परीक्षा दुसऱ्याच वर्षी झाली. २०१३ मध्ये विक्रमी पीक आले; सर्व धान्ये व तेलबिया मिळून साडेसात कोटी टनांच्या वर. हिवाळा कडक होता, वाघिणी मिळेनात, बंदराबाहेर जहाजे ताटकळत राहिली. अशा वेळी काय घडते ते अर्थशास्त्राच्या कोणत्याही विद्यार्थ्याला सांगता येईल. बंदरावर माल कमी पोचतो म्हणून तेथील भाव टिकून राहतो. गावी माल तुंबतो म्हणून तेथील भाव पडतो. दोहोंमधील तफावत रुंदावते आणि ती तफावत ज्याच्या ताब्यात कोठार व बंदर आहे त्याच्याकडे जाते. १९०१ च्या हिवाळ्यात जे घडले तेच ११२ वर्षांनी संगणकयुगात पुन्हा घडले. मार्च २०१४ मध्ये, बाजाराच्या स्वातंत्र्याची ग्वाही देणाऱ्या त्याच सरकारला, प्रत्येक रेल्वेने आठवड्याला किमान पाच लाख टन धान्य हलवलेच पाहिजे असा हुकूम काढावा लागला. नियंत्रण नको म्हणणाऱ्यांनाही शेवटी नियंत्रणच आठवले. मात्र तोवर शेतकऱ्यांचे अब्जावधी डॉलरांचे नुकसान होऊन गेले होते.

कार्यक्षमता वाढली, हे खरे आहे. १९३३ च्या सुमारास साडेपाच हजारांहून अधिक असलेले एलेव्हेटर आता चारशेच्या आसपास आहेत आणि त्यांतील एकेक पूर्वीच्या कित्येकांना पुरून उरेल इतका मोठा आहे. शंभर-शंभर वाघिणींची गाडी एका ठिकाणी भरते. रेल्वेचा टनामागचा खर्च उतरला. परंतु गावचे कोठार आणि फाटा बंद झाल्यावर धान्य दूरच्या एलेव्हेटरपर्यंत नेण्याचा खर्च शेतकऱ्याच्या ट्रकवर आणि त्या ट्रकांनी खचणाऱ्या रस्त्यांचा खर्च ग्रामीण स्थानिक संस्थांवर पडला. रेल्वेच्या ताळेबंदातून नाहीसा झालेला खर्च समाजाच्या ताळेबंदात येऊन बसला. खाजगी हिशेबात कार्यक्षमता दिसते ती अनेकदा अशी असते.

महाराष्ट्राशी याचा संबंध काय?

संबंध पहिल्यांदा ताटातला आहे. सस्कॅचेवानची मसूर आणि वाटाणा भारतात मोठ्या प्रमाणावर येतात. २०१६-१७ मध्ये भारतात तुरीचे विक्रमी पीक येऊन डाळींचे भाव कोसळले. त्यानंतर भारताने नोव्हेंबर २०१७ मध्ये वाटाण्यावर ५० टक्के आणि डिसेंबरमध्ये मसुरीवर ३० टक्के आयातशुल्क बसवले. म्हणजे मराठवाड्यातील तूर आणि सस्कॅचेवानची मसूर एकाच बाजारात उभ्या आहेत आणि दोहोंचे उत्पादक एकाच प्रकारच्या कोंडीत आहेत.

त्या तुरीची कहाणी येथे विशेष उद्बोधक आहे. त्या हंगामात बोनस धरून क्विंटलला ५,०५० रुपये हमीभाव जाहीर झाला होता. आकडा वाईट नव्हता. पण एप्रिल २०१७ मध्ये महाराष्ट्रातील खरेदी केंद्रांबाहेर ट्रॅक्टरांच्या रांगा लागल्या. कारण बारदान संपले होते आणि गोदामांत जागा नव्हती. ज्यांना थांबता आले नाही त्यांनी हमीभावाहून हजार रुपये कमीने तूर व्यापाऱ्याला घातली. हमीभाव कागदावर शाबूत राहिला आणि पोत्यांअभावी बुडाला! ज्या चळवळीने भावासाठी रक्त आटवले तिने बारदानाच्या साठ्याचा आणि गोदामाच्या क्षमतेचा जाब हंगामाआधी विचारला असता तर काय झाले असते, याचा विचार व्हावा.

दुसरा धडा महाराष्ट्राच्या स्वतःच्या अनुभवाचा. कापूस एकाधिकार खरेदी योजना १९७२ मध्ये सुरू झाली. हमीची किंमत आधी, विक्रीनंतरच्या नफ्यातील वाटा मागाहून, ही तिची रचना कॅनडाच्या मंडळाशी मिळतीजुळती होती. मग ती का खंगली? मंडळाची कक्षा संपूर्ण प्रदेशाला व्यापणारी होती आणि माल बाहेर जाण्याच्या वाटा मोजक्याच होत्या. महाराष्ट्राची योजना एका राज्यापुरती होती. शेजारच्या राज्यांत भाव चढला की कापूस सीमेपलीकडे जाई आणि भाव पडला की सारा कापूस योजनेच्या दारात येई. चांगल्या वर्षातली शिल्लक हाती नाही आणि वाईट वर्षातला तोटा मात्र पुरता, अशी तिची गत झाली. त्यात चुकाऱ्यांची दिरंगाई, प्रतवारीतील वशिलेबाजी आणि राजकीय हिशेबाने जाहीर होणारे भाव यांची भर पडली. २००२ च्या सुमारास एकाधिकार सैल झाला. योजनेचे तत्त्व चुकले असे म्हणून हात झटकणे सोपे आहे. पण वाटेवर ताबा नसताना खरेदीचा एकाधिकार टिकत नाही, हे त्यातील खरे शिक्षण आहे.

बाजार समित्यांच्या बाबतीतही हीच दृष्टी हवी. तेथे अडत, तोलाई, हमाली, मापातील खोट, संचालकांची घराणेशाही हे सारे आहे. त्याचे समर्थन समाजवाद्यांनी करण्याचे कारण नाही. २०१६ मध्ये महाराष्ट्रात फळे व भाजीपाला समित्यांच्या नियमनातून मुक्त झाला. २०२० च्या केंद्रीय कायद्यांनी हेच तत्त्व देशभर आणि सर्व शेतमालाला लावण्याचा प्रयत्न केला. दिल्लीच्या सीमांवर वर्षभर चाललेल्या आंदोलनानंतर नोव्हेंबर २०२१ मध्ये ते कायदे मागे घ्यावे लागले. 'कोठेही विकण्याचे स्वातंत्र्य' या घोषणेचा अर्थ काय होतो ते कॅनडाने दाखवून दिले आहे. सस्कॅचेवानमधील सरासरी शेत सतराशे एकरांच्या वर असते. त्या शेतकऱ्याकडे स्वतःच्या कोठ्या, स्वतःचे ट्रक, स्वतःचा संगणक असतो. तोही २०१३ च्या हिवाळ्यात हतबल ठरला. २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार महाराष्ट्रातील सरासरी धारणक्षेत्र १.३४ हेक्टर, म्हणजे सव्वातीन एकरांच्या आसपास. सोयाबीन काढून रब्बीची पेरणी आणि दिवाळी एकाच महिन्यात भागवणाऱ्या त्या शेतकऱ्याला कोठेही जाण्याचे स्वातंत्र्य देऊन काय साधणार, जर त्याला घरी थांबण्याचे सामर्थ्य नसेल?

थांबण्याचे हे सामर्थ्य कशातून येते? जवळच्या गोदामातून आणि मालाच्या तारणावर वेळेवर मिळणाऱ्या कर्जातून. महाराष्ट्रात शेतमाल तारण योजना १९९०-९१ पासून आहे. ती आपल्या तालुक्यात कोणत्या गोदामात चालते, किती पोती ठेवण्याची सोय आहे, कर्ज किती दिवसांत मिळते, हे किती कार्यकर्त्यांना सांगता येईल? इंडियन हेडच्या शेतकऱ्यांनी स्थानकावरची वही मागितली होती. आपल्याकडील मागण्याही तितक्याच नेमक्या असू शकतात. खरेदी केंद्रावर आलेल्या मालाची नोंद क्रमवार व्हावी आणि ती सर्वांना पाहता यावी. हंगामाच्या महिनाभर आधी बारदान व गोदामाची क्षमता जाहीर व्हावी. काट्याची तपासणी शेतकऱ्यांच्या प्रतिनिधीसमोर व्हावी. सार्वजनिक पैशातून किंवा सार्वजनिक जमिनीवर उभ्या राहणाऱ्या प्रत्येक खाजगी गोदामाच्या आणि सायलोच्या करारात शेतकऱ्याकडून घ्यावयाच्या भाड्याची कमाल मर्यादा लिहिलेली असावी आणि तो करार लोकांना वाचता यावा. भारतीय रेल्वे अद्याप सार्वजनिक मालकीची आहे. धान्याच्या हशिलाचा आणि वाघिणींच्या वाटपाचा प्रश्न संसदेत विचारता येतो. हा अधिकार कॅनडाच्या शेतकऱ्याने गमावला आहे, आपण तो वापरलेलाच नाही.

कॅनडाच्या शेतकऱ्यांचा पराभव एका दिवसात झाला नाही. आधी हशील गेले, तेव्हा मंडळ आहे म्हणून लोक स्वस्थ राहिले. मग सहकारी कोठारे गेली, तेव्हाही मंडळ आहे म्हणून स्वस्थ राहिले. शेवटी मंडळ गेले, तेव्हा बासष्ट टक्के लोक त्याच्या बाजूने उभे राहिले. पण त्यांच्यामागे त्यांची कोठारे नव्हती, रेल्वेवर अंकुश नव्हता आणि जुनी संघटनाही नव्हती. वाटेवरचे एकेक ठाणे सोडून देणाऱ्याला शेवटचे ठाणे राखता येत नाही.

म्हणून येत्या हंगामापूर्वी प्रत्येक तालुक्यातील कार्यकर्त्यांनी आपल्या भागातील धान्याची वाट बांधापासून शेवटच्या गोदामापर्यंत एकदा प्रत्यक्ष चालून पाहावी. कोठे किती कापले जाते, कोण कापतो आणि कोणत्या नियमाने कापतो, याची नोंद करावी. भावाची लढाई या नोंदीपासून सुरू झाली पाहिजे.